देवकाअक्काचा ध्रुव

प्रल्हादाला डोंगरावरून ढकलून दिलं त्या दिवशी त्याच्या आईनं काय स्वयंपाक केला होता, हे धुळ्यातल्या आमच्या गल्लीतल्या कुठल्याही पोराला विचारा. ते सांगेल, कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत. पोथीत हे कुठेही नाही. हे आम्हांला देवकाअक्कानं सांगितलं होतं, आणि तो डोंगर धुळ्याजवळच्या लळिंगचा होता हेही तिनंच. पुढे मोठेपणी प्रल्हाद मला एक-दोन पुस्तकांत भेटला, पण तो जरा परकाच वाटला. त्याला भरीत आवडतं की नाही, याची तिथं कुणी दखलच घेतलेली नव्हती.

धुळ्यात गल्ल्यांना नंबर असतात. आमच्या नंबरातल्या समोरच्या घरात मोतीरामआबा राहायचे. ते एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. दिवसभर माईकवर गाड्या पुकारायचे आणि घरी आले की तोंडाला कुलूप. त्यांची पहिली बायको वारली तेव्हा त्यांची एकुलती एक मुलगी मंगल माझ्याच वर्गात, तिसरीत होती. वर्षभरानं आबांनी साक्रीकडच्या एका खेड्यातून दुसरी बायको करून आणली. तीच देवका. 'अक्का' म्हणावं इतकी ती तेव्हा मोठी नव्हती. पण मंगलनं पहिल्याच आठवड्यात तिला अक्का म्हणून हाक मारली आणि ती हाक सगळ्या गल्लीनं उचलली. मंगलनं ती फार विचार करून काढली होती, हे फक्त मला ठाऊक होतं. शाळेत जाताना ती मला म्हणाली होती, "आई म्हणणार नाही. मावशी म्हटलं तर आबा रागावतील. अक्का कुणालाही म्हणता येतं." नवव्या वर्षी इतकी अक्कल असलेली मुलगी घरात असणं सोपं नसतं.

अक्का उंच होती, हाडापेरानं दणकट, आणि तिच्या मापाची बायकी चप्पल धुळ्याच्या बाजारात मिळत नसे म्हणून पुरुषी चप्पल घालायची. शहरी मराठी बोलायचा तिनं सुरुवातीला प्रयत्न केला. डॉक्टरांना एकदा म्हणाली, "मला बरं वाटी राहिलं नाही." डॉक्टर हसले. तेव्हापासून तिनं तो नाद सोडला आणि जिथं जाईल तिथं सरळ आपल्या अहिराणीत बोलू लागली. आमच्या आयांना ते खटकायचं. मुलं तिच्याकडून घरी येताना 'काय करी राहिनी?' असं विचारत यायची आणि धपाटा खायची. तरी दुसऱ्या दिवशी तिच्या ओट्यावर हजर.

कारण अक्काकडे शेंगा असत आणि गोष्टी असत. तिच्या भावाच्या शेतातल्या भुईमुगाच्या शेंगा पोत्यानं यायच्या. पेरणीला दाणा अख्खा लागतो, म्हणून त्या हातानं फोडायच्या. शाळा सुटली की आम्ही ओट्यावर गोल बसायचो, मधे शेंगांचा ढीग, आणि अक्का एखाद्या पोराला घेऊन सुरू व्हायची. तिच्या गोष्टींत मोठी माणसं नावापुरती. राम-कृष्णांचं तिला फारसं पडलेलं नव्हतं. प्रल्हाद, नचिकेता, अभिमन्यू, श्रावण, असली आमच्याच वयाची किंवा जरा मोठी, अंगावर संकट घेणारी मुलं तिला हवी असत. तिच्या वडिलांनी जन्मभर गावाच्या मारुतीच्या देवळात पोथी लावली होती. ही दाराआड बसून ऐकायची. चौथीनंतरचं तिचं शिक्षण तेवढंच.

गोष्ट रंगात आली की आमचे हात थांबायचे. शेंगांचा आवाज बंद झाला की अक्काही बोलायची बंद. "हात चालू ठेवा रे पोरेहो, त्याशिवाय यमबाबा दार उघाडाव नही," असं म्हणायची. आम्ही घाईघाईनं शेंगा फोडायचो आणि यमाचं दार उघडायचं.

आता तिची खरी खोड सांगते. अक्काच्या प्रत्येक गोष्टीत आई असायची. पोथीत असो वा नसो. नचिकेत्याच्या बापानं रागाच्या भरात 'तुला यमाला दिलं' म्हटलं आणि पोरगं निघालं, इथपर्यंत सगळे सांगतात. अक्का तिथं थांबायची आणि म्हणायची, "बाप बोली गया. त्याले काय, तोंड शे. पन मायनी फडकामा भाकर बांधी दिधी."

"मग तो यमाच्या दारात उपाशी का बसला?" मी विचारलं. मला लहानपणापासून शंका फार.

"भाकर रस्तामा कुत्राले टाकी दिधी. रुसेल पोऱ्या मायनी भाकर खास का?"

हे इतकं खरं वाटायचं, की पुढची यमाची सगळी विद्या त्यापुढे फिकी पडायची. मला तर त्या कुत्र्याचा हेवा वाटायचा.

आमच्या गल्लीत भास्करनाना नावाचे निवृत्त हेडमास्तर होते. त्यांच्या गॅलरीखालीच अक्काचा ओटा. नाना वर्तमानपत्र पुढे धरून गोष्टी ऐकत आणि चुका काढत. एकदा कुणीतरी विचारलं की प्रल्हाद घाबरला होता का. अक्का म्हणाली, "घाबरना ना. चड्डी वल्ली व्हई गयी व्हती. पन बोलना तेच, जे बोलानं व्हतं."

नाना गॅलरीतून जवळजवळ खालीच आले. "देवकाबाई, भक्त प्रल्हाद तो. त्याची चड्डी काय ओली करता?"

"चुकनं, नाना," अक्का म्हणाली. "पोरेहो, नाना सांगतस तसं. चड्डी कोरडीच व्हती."

दुसऱ्या दिवशी धाकट्या पोरांना तीच गोष्ट सांगताना चड्डी परत ओली झाली. नानांनी वर्तमानपत्राचं पान मोठ्यानं उलटलं, एवढंच. मला वाटतं, पुढे पुढे त्यांनाही ती ओलीच आवडू लागली होती. निदान बायकोला चहा ओट्याच्या वेळेला करायला लावायचे ते काही उगाच नव्हे.

अभिमन्यूचा शेवट मात्र तिनं कधीच सांगितला नाही. अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला, एकेक दार फोडत आत गेला, की अक्का पदर झटकून उठायची. "आते जा घर. माय वाट देखी राहिनी." उद्या काय झालं विचारलं की दुसरीच गोष्ट. परिणाम असा झाला, की सहावीच्या परीक्षेत 'अभिमन्यूचे पुढे काय झाले?' या प्रश्नाला आमच्या गल्लीतल्या तिघांनी 'तो अजून लढत आहे' असं उत्तर लिहिलं. बाईंना वाटलं आम्ही कॉपी केली. तिघांनाही बाकावर उभं केलं. मी त्या तिघांत होते आणि बाकावर उभी राहूनही मला बाईंचंच चुकतंय असं वाटत होतं.

या सगळ्यात मंगल कुठे होती? ओट्यावरच. पण गोलात नाही. ती दाराच्या चौकटीला टेकून अभ्यासाचं पुस्तक उघडून बसायची. पान उलटायची नाही, म्हणजे ऐकत असणार. शेंगांना तिनं हात लावला नाही. वेणी स्वतःची स्वतः घालायची, वाकडा भांग पडला तरी. ताट स्वतः वाढून घ्यायची. भांडण कधी नाही, उलट उत्तर नाही, फक्त जितकं लागेल तितकंच बोलणं. अक्कानं सावत्रपणा केला असता तर मंगलला सोपं गेलं असतं. रागवायला काहीतरी मिळालं असतं. अक्का तेवढंही देत नव्हती. त्या घरात एका बाईला एक मुलगी हवी होती आणि ती मुलगी रोज तिच्यासमोरच बसत होती, हे आम्हां पोरांनाही कळायचं.

आणि मग ध्रुव. अक्का ध्रुवाची गोष्ट सांगत नसे. लहान मुलांच्या शौर्याच्या गोष्टी सांगायच्या आणि ध्रुव वगळायचा, म्हणजे आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, सांजोऱ्या न करण्यासारखं. कुणी मागितली की ती म्हणायची, "ती माले पक्की येत नही." माझ्या आईनं एकदा स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, "अगं, ध्रुवाला दोन आया. त्यातली सावत्र त्याला बापाच्या मांडीवरून ओढून काढते. ती कशी सांगेल बिचारी?" मग आम्ही मागणं बंद केलं. पोरं दुष्ट असतात म्हणतात, पण इतकी नसतात.

मागितली ती मंगलनं. आम्ही सातवीत होतो. एका संध्याकाळी अक्कानं विचारलं, "आज कोनी सांगू?" आणि दाराच्या चौकटीतून आवाज आला, "ध्रुवनी."

सगळ्या शेंगा थांबल्या. मंगलनं आजवर कधी गोष्ट मागितली नव्हती, आणि अहिराणीत तर ती अक्काशी बोलायचीच नाही. वर नानांचं वर्तमानपत्रही खाली आलं. मला वाटलं, अक्का म्हणेल पक्की येत नाही. किंवा सांगेल, पण त्या सावत्र आईला, सुरुचीला, जरा मऊ करेल. तिला काय अवघड होतं? जिनं यमाच्या दारातल्या पोराची भाकर कुत्र्याला घातली, तिला सुरुचीच्या तोंडी दोन बरे शब्द घालता आले नसते?

अक्कानं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि सुरू केलं. काही म्हणजे काही मऊ केलं नाही. राजाच्या मांडीवर सुरुचीचा मुलगा उत्तम बसलाय. ध्रुव धावत येतो. सुरुची त्याचा हात धरते. "वढीसन खाले टाकं त्याले. आनि सांगं, आठे बसानं व्हतं तं मना पोटे जलमाले येवानं व्हतं." हे सांगताना अक्का मंगलकडे बघत नव्हती आणि मंगल तिच्यावरची नजर काढत नव्हती. मग ध्रुव रडत सुनीतीकडे, त्याच्या सख्ख्या आईकडे जातो. ही सुनीती अक्कानं अशी उभी केली, की गल्लीतल्या तीन-चार जणांनी नाकं ओढली. मग जंगल, नारद, एका पायावरचं तप, देवाचं दर्शन, आणि आभाळात न हलणारी जागा. "झायी गोष्ट," अक्का म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

मंगल उठली, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि ओट्यावरची सगळी टरफलं झाडून काढली. कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा अर्थ काय लावायचा ते मला तेव्हा कळलं नाही आणि अक्कानंही लावायची घाई केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अक्काकडे विरजण मागायला गेले होते, तर नाना ओट्यापाशी उभे. मंगल क्लासला गेलेली. नाना नेहमीसारखे चूक काढायला आले होते, पण आवाज नेहमीचा नव्हता.

"देवकाबाई, ध्रुव घरी परत येतो ते तुम्ही सांगितलंच नाही. दोघी आयांच्या पाया पडतो तो. आणि सुनीतीच्या आधी सुरुचीच त्याला उचलून पोटाशी धरते, रडते, म्हणते जगत राहा रे बाळा. पोथीत आहे हे."

"म्हाईत शे, नाना."

"मग गाळलंत का?"

अक्का गहू निवडत होती. खडा काढून बाजूला टाकत म्हणाली, "मी ते सांगं असतं तं ते मांगनं झायं असतं. पोरपाशी काय मांगनं?"

जाताना नानांनी अक्काला हात जोडले. गल्लीत एवढ्या मोठ्या माणसानं तिला नमस्कार केल्यावर ती इतकी गोंधळली, की मला विरजणाऐवजी ताकच देऊन बसली. अभिमन्यूचा शेवट ती आमच्यासाठी गाळायची. हा शेवट तिनं स्वतःच्या बाजूचा होता म्हणून गाळला. एवढं धाडस मी तिच्या कुठल्याही गोष्टीतल्या पोरात पाहिलं नाही, आणि हे मी आज पूर्ण विचार करून लिहिते आहे.

पुढची वर्षं भरभर गेली. मंगलचं लग्न रावेरला झालं, केळीच्या बागायतदाराकडे. माझंही झालं आणि मी नवऱ्याच्या नोकरीमुळे दीपनगरला, वीज केंद्राच्या कॉलनीत राहायला आले. मंगल दर आखाजीला माहेरी जायची. आखाजीला सासरच्या लेकीला आणायला माहेरचा पुरुष जातो, त्याला मुराळी म्हणतात. मंगलला भाऊ नव्हता. आबाच मुराळी म्हणून जायचे, एसटीचा पास खिशात टाकून.

मग एका हिवाळ्यात आबा गेले. तेराव्याला मंगलचे मामा, म्हणजे तिच्या सख्ख्या आईचे भाऊ, चोपड्याहून आले होते. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "आजपाईन मंगलनं माहेर चोपडं." रीतीला धरूनच होतं ते. मंगल मान खाली घालून बसली होती. अक्कानं पंगतीची पत्रावळ उचलली आणि मागच्या दारी गेली. मी तेव्हा धुळ्यात होते. त्या घरातून मंगलही जाणार, हे मला तेव्हाच दिसलं आणि फार वाईट वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात आखाजीच्या आधी, भर दुपारी, दीपनगरच्या माझ्या क्वार्टरच्या दारात अक्का उभी. पायात तीच पुरुषी चप्पल, हातात कापडी पिशवी.

"कुंदा, रावेरनी गाडी कोठून मिळस?"

"रावेरला कशाला?"

"मंगलले लई येस. मुराळी."

मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. बाईमाणूस मुराळी जाते असं मी ऐकलं नव्हतं, तेही विधवा. तसं म्हणायची मात्र माझी हिंमत झाली नाही. रात्री ती माझ्याकडे राहिली आणि सकाळी मी तिच्याबरोबर निघाले, कारण तिला एकटीला सोडवेना. गाडीत, सावदा गेल्यावर ती म्हणाली, "माले भेव वाटी राहिना, कुंदा."

"कशाचं?"

"तिनी नही सांगं तं? मना कोठे हक्क शे?"

मी तिचा हात धरला.

मंगलचं सासर रस्त्यालाच. समोर केळीचे घड भरायला ट्रक लागलेला, सगळीकडे पानांचा कचरा. ओसरीत सासूबाई बंगईवर झोके घेत बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर चहा पीत होता बापू, मामांचा मुलगा. त्याची मोटारसायकल दारातच उभी होती. अक्कानं ती पाहिली आणि पायरीवर थबकली.

"या बाई, या. कोनाले भेटाले आल्या?" सासूबाईंनी विचारलं. न्यायला आबाच येत, त्यामुळे अक्काला त्यांनी लग्नानंतर फारसं पाहिलेलं नव्हतं.

"धुळाथिन उनू. मंगलले लई जावाले."

"तुमी? बाईमानूस मुराळी?" सासूबाई हसल्या; वाईट नाही हसल्या, नवल वाटून हसल्या. "अन् तिचा मुराळी तं आलेला हाये ना बाप्पा."

बापू कप ठेवून उठला. पोरगा सरळ होता. "अक्का, तुमी काबर तरास लिधा? बाबानी तेराव्यालेच सांगं ना."

अक्कानं पिशवी खाली ठेवली नाही, बसलीही नाही. "तिले इचारा," एवढंच म्हणाली. "ती सांगी तसं." पुढे काही तरी बोल, असं मी मनात म्हणत होते. एवढ्या गोष्टी सांगणारी बाई, एक वाक्य स्वतःसाठी बोलायला काय हरकत होती?

मंगल आतून आली. हात पिठाचे, मागे पदराला धरून तिचा लहान मुलगा. तिनं बापूकडे पाहिलं, मग अक्काकडे, आणि अक्काच्या धुळीनं भरलेल्या पायांकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"कव्हय निंघनी?" तिनं विचारलं.

"काल."

"एकली?"

"आठे लगुन कुंदा उनी."

मंगलनं पिठाचे हात पदराला पुसले. "बापू, मामाले सांग, आखाजी झायी का मी चोपडाले येसू. आठ दिन रहासू. आते घर जास."

बापूला पटकन कळलं नाही. "घर म्हंजे?"

"घर म्हंजे घर रे. धुळं."

सासूबाई बंगईवरून उठल्या आणि अक्काला म्हणाल्या, "बसा ना मंग. मुराळ्याले उभं ठेवत नाही आमच्यात." तेव्हा अक्का बसली. बसल्यावर तिनं पाणी मागितलं, आणि तांब्या दोन्ही हातांनी धरून सगळा रिकामा केला.

परतीच्या गाडीत गर्दी होती. त्या दोघींना पुढे जागा मिळाली, मी मागे उभी. मंगल खिडकीशी, अक्का मधे, आणि मुलगा कधी हिच्याकडे कधी तिच्याकडे. बोलणं चाललं होतं ते सगळं त्या पोराचं. दीपनगरच्या फाट्यावर मी उतरले आणि खिडकीपाशी गेले. मला वाटलं, अक्का काहीतरी म्हणेल. नंतर नवऱ्याची बदली लांब झाली आणि अक्का मला पुन्हा दिसली नाही, म्हणून हे जास्तच आठवतं. ती मंगलकडे वळून विचारत होती, "हाऊ काय खास? दूध पेस का नही?" आणि मंगल खूप दिवसांची तक्रार साठवल्यासारखी सांगत होती की काही खात नाही, काहीच खात नाही, तूच काय ते बघ. गाडी सुटली. मला 'येते' म्हणायचंही अक्काच्या ध्यानात राहिलं नाही, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.